तीन दातांचा पूल

आत्यांचे पुढचे दोन दात कांद्याच्या गोणीने घेतले.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. साताऱ्याकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणत असे. मामा तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी होते. घरी अर्धी गोणी कांदा आला की तिच्या तोंडाची सुतळी आत्या दातांनी ओढून सोडायच्या. घरात कात्री होती, सुरी होती, विळी होती. पण गोणीची गाठ दातांनीच सुटते, असा मार्केटवाल्या घरांतला विश्वास होता आणि तीस वर्षं तो खराही ठरत आला होता. त्या दिवशी गाठ जागच्या जागी राहिली आणि दात मुळापासून सुटून आला. शेजारचा अर्धा तुटला. आत्यांनी पदराने तोंड दाबलं, दुसऱ्या हाताने सुतळी विळीवर कापली, आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "कांदा बरा दिसतोय."

रक्त थांबलं, सूज उतरली. पदर मात्र खाली आला नाही.

आता आत्यांनी तोंडावर पदर धरणं ही काय गोष्ट होती, हे कळायला आधीच्या आत्या माहीत हव्यात. तुर्भ्यापासून कामोठ्यापर्यंत साताऱ्याकडच्या कुठल्याही घरात लग्न निघालं की हॉल ठरायच्या आधी आत्या ठरायच्या. जात्यावर हळद दळताना गाणं म्हणायचं ते आत्यांनी. गाणं पाठ केलेलं नसायचंच. समोर कोण बसलंय ते बघून दोन-दोन ओळी तिथेच जुळवायच्या आणि शेवटी विहिणीचा असा समाचार घ्यायचा की खुद्द विहिणीनेच पोट धरून हसावं. एका विहिणीने तर म्हणे, मला का सोडलं, म्हणून रुसवा धरला होता. मी शाळेच्या ग्रंथालयात नोकरी करायचे आणि छापलेल्या कविता वाचून त्यांबद्दल मतं बाळगायचे. आमच्या स्वयंपाकघरात कविता होत असत, हे लक्षात यायला मला लग्नानंतर दोन वर्षं लागली.

दात गेल्यावर आत्यांनी तीन हळदी नाकारल्या. पहिल्या वेळी घसा, दुसऱ्या वेळी गुडघा, तिसऱ्या वेळी काहीच सांगितलं नाही.

मग माझ्या नणंदेचं लग्न ठरलं. ती घरातलं शेंडेफळ. मुलगा चांगला, शांत, नाकासमोर चालणारा. त्याचे वडील सरकारी कचेरीतून साहेब म्हणून निवृत्त झाले होते. कचेरी सुटली होती, साहेब सुटला नव्हता. बैठकीला येताना त्यांनी विषयपत्रिका टाइप करून आणली, तीन प्रतींत. एक त्यांच्याकडे, एक मामांकडे आणि एक फाईलला. मामांनी आपली प्रत उलटी धरून आदराने वाचली.

साहेबांच्या बाई, म्हणजे होणाऱ्या विहीणबाई, ताठ बसल्या होत्या. दोन तासांत त्या एकदाही हसल्या नाहीत. पोहे खाल्ले तेही इतके हळू, इतके मोजून-मापून, की मी मनात म्हटलं, एवढा तोरा पोह्यांपुढे कशाला? त्यांच्यासमोर आत्या, तोंडावर पदर. अशा दोघी विहिणी तोंडं मिटून एकमेकींकडे बघत राहिल्या.

शेवटच्या मुद्द्यावर साहेब म्हणाले, "हळदीचा कार्यक्रम आटोपशीर. उष्टी हळद घेऊन आमच्या बायका तुमच्याकडे येतील, आमच्या सौभाग्यवती स्वतः येतील. म्युझिक सिस्टिम आमची. जात्यावरची गाणी वगैरे आता कोणी ऐकत नाही. आणि विहीणबाई तशाही अबोलच दिसतात."

मामांना खोकला आला. आत्या अबोल! हे तुर्भ्यात कोणी ऐकलं असतं तर मार्केट अर्धा दिवस बंद राहिलं असतं.

पाहुणे गेल्यावर नणंद ओट्याला टेकून उभी राहिली. "आई, तू सगळ्या कॉलनीच्या पोरींना गाणी म्हटलीस. माझ्या हळदीला काय, कॅसेट लावायची?"

"हवा जाती गं," आत्या पदराआडून म्हणाल्या. "सूर फुटायच्या आदी हवाच बाहीर."

"मग मला पण हळद नको." आणि ती आत जाऊन पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत असताना आत्यांनी विचारलं, "ती दाताची डाक्टरीण कुटं बसती?"

दाताची डॉक्टरीण आमच्याच रस्त्यावर, पिठाची गिरणी आणि एसटीडी बूथ यांच्यामध्ये बसायची. नवीन होती. इतकी नवीन, की पेशंट आला की तिलाच आधी घाम फुटायचा. भिंतीवर एका गोऱ्या बाईचं हसतं पोस्टर होतं. आयुष्यात कधी सुतळी सोडायची वेळ न आलेली बाई.

"आजी, आ करा."

"आजी कुणाला म्हंतीस गं? बावन्न वरसाची हाय मी."

"सॉरी मावशी. आ करा."

आत्यांनी आ केला. डॉक्टरने प्लॅस्टरचा जबडा हातात घेतला आणि समजवायला सुरुवात केली. अर्धा तुटलेला नुसता दातासारख्या मसाल्याने भरून काढता येईल, पण तुकडा मोठा आहे, पुन्हा निघेल. त्यापेक्षा आतली नस काढून वर कॅप. जो नाहीच त्याच्यासाठी काढायची-घालायची पट्टी करता येईल, एक दात आणि मागे अडकवायला तारेचा हूक.

"आन गाताना हूक सुटला तर?" आत्या म्हणाल्या. "दात जाऊन पडंल इहिणीच्या ओटीत."

"मग ब्रिज करू. रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात थोडे घासायचे आणि तिन्ही दात जोडून एकच बसवायचे. ते निघत नाही."

मामा दारात उभे होते. ते म्हणाले, "खाडीवरचा पूल हाय तसा. दोनी काठाला खांब पायजेत."

"अगदी तसंच, काका."

"एका काठाचा अर्धा तुटलेला, त्यो घासा," आत्या म्हणाल्या. "पन दुसऱ्या काठाचा चांगला धडधाकट हाय. गेलेल्यापायी त्याला घासायचं?"

"लागतंच मावशी. परदेशात आता हाडात स्क्रू बसवून एकटा दात उभा करतात. मी फक्त पुस्तकात बघितलंय."

"मग ऱ्हाऊ दे. पुस्तकातलं माज्या तोंडात नको." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे का पाहिलं, कोण जाणे.

पूल ठरला. आणि इथे माझी चूक सुरू होते, ती लपवून उपयोग नाही.

आत्या मिश्री लावायच्या. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली पूड. सकाळी, दुपारी आणि मन लागेनासं झालं की आणखी एकदा. त्यांचे दात चहाच्या जुन्या किटलीच्या आतल्या रंगाचे झाले होते. डॉक्टर म्हणाली, "आधी सगळे दात साफ करून घेऊ, मग रंग ठरवू. मिश्री बंद करावी लागेल."

"साफ केलं की दात हलत्यात," आत्या म्हणाल्या. "मार्केटात समद्यांना म्हाईत हाय. आमच्या शेजारनीनं केलं, सा महिन्यांत चार पडलं."

"ते आधीच हलत असणार, मावशी."

"व्हय, पन पडलं तवा केल्यावरच."

या तर्कापुढे डॉक्टरने सफाईचा विषय सोडला. तिने रंगांची पट्टी काढली. रंगाच्या दुकानात भिंतीसाठी कार्ड दाखवतात ना, तशी. फक्त कार्डांच्या जागी दातांची रांग. ती आत्यांच्या तोंडाशी धरून डॉक्टर एकेक रंग बघत होती आणि एकही जुळत नव्हता. तेव्हा मी, म्हणजे घरातली वाचलेली बाई, पुढे झाले आणि म्हणाले, "डॉक्टर, आहे त्याच रंगाचे करा. पांढरेशुभ्र केले तर जुन्या भिंतीत नव्या टाइल्स बसवल्यासारखं दिसेल. नैसर्गिक दिसलं पाहिजे."

'नैसर्गिक' हा शब्द मी फार खुशीत उच्चारला, हे अजून आठवतं. डॉक्टरने एकदा आत्यांकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "लॅबवाल्याला वरून डाग द्यायला सांगते," ती म्हणाली, "पण नंतर हे बदलणार नाहीत हं." आम्ही दोघींनी ही गोष्ट कौतुकाने ऐकली. टिकाऊ माल, असा आमचा समज.

नस काढली, दात घासले, मापं घेतली. मापाचा मसाला तोंडात भरलेला असताना आत्यांना बोलता येत नव्हतं, तेवढी दहा मिनिटं मामांनी क्लिनिकमध्ये फार मजेत काढली. आठ-दहा दिवसांनी मुंबईच्या लॅबमधून पूल आला आणि बसला. काय जुळला होता! मीसुद्धा फसले, कुठून कुठपर्यंत नवे, ते बोट लावून बघावं लागलं. लॅबमधल्या कुठल्या तरी कारागिराने मिश्रीचा तीस वर्षांचा इतिहास तीन दातांवर उतरवला होता.

आत्या खुर्चीतून उठल्या, आरशात पाहिलं, एक हलका सूर लावून बघितला. हवा गेली नाही. पुन्हा लावला, या वेळी मोठ्याने. गिरणीतली रांग आत डोकावायला लागली. डॉक्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचा हा पहिलाच पूल होता, हे तिने तेव्हा सांगितलं. आधी सांगितलं नाही ते बरं केलं.

घरी रोज सकाळी पीठ मळताना गाण्याच्या ओळी जुळायला लागल्या. सगळ्या विहीणबाईंवर. बैठकीतला तो मिटलेला चेहरा आत्यांनी नीट लक्षात ठेवला होता. नणंद हसत फिरू लागली.

आणि मग हळदीच्या आधीच्या रविवारी तुर्भ्यात मोफत दंत शिबिर झालं.

मांडव, कमान, स्टेज. कोणी एक पुढारी उद्घाटनाला आले होते. त्यांनी फीत कापली, हारांमधून मान बाहेर काढून दातांच्या महत्त्वावर अर्धा तास बोलले आणि स्वतःचे दात न दाखवता निघून गेले. मागे उरली शिकाऊ डॉक्टर मुलं आणि शंभर माणसांची रांग. आत्या तिथे बहिणीकडे गेल्या होत्या, त्याही रांगेत उभ्या राहिल्या. का? तर आता त्यांना दातांच्या डॉक्टरांचं भय उरलं नव्हतं. एवढे दात घासले, पूल बसला, काही हललं नाही. म्हणजे शेजारणीचं खोटंच असणार. लेकीच्या लग्नासाठी तोंड स्वच्छ करावं आणि मिश्रीही सोडावी, असं त्यांनी आपणहून ठरवलं. डॉक्टरला जे साधलं नव्हतं ते त्यांनी एकट्यानेच करून टाकलं, आणि नेमकं चुकीच्या दिवशी.

संध्याकाळी त्या घरी आल्या. पदर खाली, मान वर. "बग गं पोरी!" म्हणून त्यांनी आ केला.

सगळे दात स्वच्छ झाले होते. मोत्यासारखे नाही, पण ताकासारखे. आणि बरोब्बर मध्यभागी तीन काळेकुळकुळीत.

"तीन तेवढं निघंनात," आत्या म्हणाल्या. "पोरगी घास घास घासत हुती. शेवटाला तिचा हात दुखाया लागला."

 मी त्यांना आरशासमोर नेलं. त्यांनी तिन्ही दातांवरून बोट फिरवलं. आणि पदर पुन्हा वर गेला.

डॉक्टरकडे धावलो. तिने कपाळाला हात लावला. "पूल वाकडातिकडा ओढून काढला तर आतला दात तुटेल. कापून काढून नवा करायला लॅब आठ दिवस घेते. हळद कधी आहे?"

"गुरुवारी."

मामांनी उपाय सुचवला. "चार दिस दाबून मिसरी लाव. परत येकरंगी हुशील."

आत्यांनी पदर बाजूला केला, फक्त हे सांगण्यापुरता. "तीस वरसांनी तोंड धुतल्यावानी वाटतंय. त्या तीन टाळक्यांपायी बाकीचं परत घान करू? येकदा चांगला दात घासू दिला तेवडं बास झालं."

पण गाणार का, हे कोणी विचारलं नाही. पीठ मुकाट्याने मळलं जाऊ लागलं.

गुरुवारी बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये मांडव पडला. जातं सारसोळ्याहून आलं. आम्हाला मासे देणाऱ्या मावशींच्या घरचं. जातं देताना त्यांनी अट घातली होती, "जातं न्या, पन गानं आयकाला मी येनार हाय." आणि त्या आल्याही होत्या, पुढच्या रांगेत, केसांत अबोली. कामोठ्याच्या बायका आल्या, तुर्भ्याच्या आल्या. सगळ्या आत्यांकडे बघत होत्या आणि आत्या पदराआडून जमिनीकडे.

मग साहेबांची गाडी आली. उष्ट्या हळदीची वाटी घेऊन विहीणबाई उतरल्या, तशाच ताठ. साहेबांच्या हातात माईक होता, अजून कशालाच न जोडलेला. "आता उष्ट्या हळदीचे आगमन," त्यांनी जाहीर केलं, हळद सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असताना. त्यांच्यामागे म्युझिक सिस्टिम, आणि तिच्यामागे व्हिडिओवाला. त्याच्याकडे एका काठीवर प्रचंड हॅलोजन दिवा. त्या दिव्याखाली माणसाच्या चेहऱ्यावरचा तीळसुद्धा नाव सांगेल.

म्युझिक सिस्टिम लागली, दिवा लागला, आणि दोन्ही विझले. फ्यूज बदलला. पुन्हा दोन्ही लागले, पुन्हा विझले.

"साहेब, एका वायरवर दोन नाय चालनार," व्हिडिओवाला म्हणाला. "गाना पायजे का शूटिंग पायजे?"

साहेब विचारात पडले. हा मुद्दा विषयपत्रिकेत नव्हता. शेवटी म्हणाले, "शूटिंग. रेकॉर्ड राहिलं पाहिजे."

दिवा लागला. गाणं नाही. पाटावर नणंद बसलेली, कपाळाला मुंडावळ्या, समोर जातं.  नणंदेने आईकडे पाहिलं. 

आत्या उठल्या. जात्यापाशी जाऊन बसल्या, खुंटा धरला, पदर ओढून कमरेला खोचला आणि तोंड वर करून थेट त्या हॅलोजनकडे बघत हसल्या. पूर्ण. तीन काळे दात सगळ्या मांडवाने पाहिले. व्हिडिओवाल्याने कॅमेरा आणखी जवळ नेला, त्याचं काम ते. आणि जातं फिरलं.

*दात बशिवलं तीन, बाई, तिगं काळं उरलं,*
*इहीनबाईचा थाट बगून पांढरं व्हायचं इसरलं!*

मांडव उसळला. सारसोळ्याच्या मावशींनी शेजारणीच्या पाठीत थाप मारली. सहा महिने ज्या दातांनी घर गप्प केलं होतं, ते आत्यांनी स्वतःच चव्हाट्यावर मांडले होते, आणि वर त्याची जबाबदारी विहिणीवर टाकली होती! आता कोणाची काय बिशाद? जातं दुसरा फेर घेईपर्यंत पुढची ओळ तयार.

*इहीन आली मोटारीतनं, पाय ठिवंना भुईला,*
*जोडव्यांचा भार झाला का तोऱ्याचा गं बाईला!*

विहीणबाई हसल्या. आधी खांदे हलले, मग मान, मग त्यांना आवरेना. आणि त्याच क्षणी त्यांचा पदर तोंडावर गेला. नुसता गेला नाही, पदराआडून दोन बोटं वरच्या ओठाखाली काहीतरी घाईने वर ढकलत होती.

ती हालचाल मी ओळखली. सहा महिने रोज बघितलेला पदर होता तो. बैठकीतली ती न हसणारी बाई, ते मोजून खाल्लेले पोहे. मी त्याला तोरा म्हटलं होतं. वरची कवळी सैल होती बिचारीची.

आत्यांनीही पाहिलं. मला ठाऊक होतं, पुढच्या दोन ओळी कुठल्या होत्या ते. पीठ मळताना मी त्या ऐकल्या होत्या. विहिणीच्या मिटलेल्या तोंडावरच होत्या, आणि सगळ्यांत झोंबऱ्या त्याच होत्या. जातं एक फेर नुसतंच फिरलं. दुसरा फेर नुसताच. मग आत्यांनी सूर खाली घेतला.

*पदर काड गं इहीनबाई, हसू नगं कोंडू,*
*दोगी मिळून लेकरांचा सौंसार आता मांडू.*

आणि गाणं सोडून, साध्या आवाजात, "काडा की हात. माजं तिगं बगितलं न्हवं? तुमचं काय त्येच्यापरीस वंगाळ हाय?"

विहीणबाईंनी हात काढला. कवळी किंचित खाली आली, त्यांनी जिभेने ती वर लावली, आणि पुन्हा हसल्या, या वेळी आवाज करून. मग पदर खोचून त्या जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसल्या आणि खुंट्याला हात घातला. साहेबांनी बंद माईकवरून पुढच्या कार्यक्रमाची घोषणा केली. ती कोणी ऐकली नाही. नणंद हळदीने पिवळी होऊन रडत-हसत होती आणि आत्या गात होत्या, एक तास, सलग, त्या दिव्याखाली.

लग्नानंतर डॉक्टरने निरोप पाठवला, नवीन पूल माझ्याकडून करून देते, रंग जुळवून. आत्या गेल्या, पण स्वतःसाठी नाही. विहीणबाईंना हाताला धरून नेलं होतं त्यांनी. मीही सोबत होते. बाकावर आणखी दोन-तीन बायका बसल्या होत्या, एकीने गालाला रुमाल लावलेला. आत्यांनी त्यांना तीन काळे दात दाखवले, आणि वर्गावर शिकवावं तशा सुरात सांगायला लागल्या, "आदी घासून घ्यायचं, मग रंग ठरवायचा. ही माजी सून लई शिकलेली हाय, तिचं ऐकायचं न्हाई."

"आणि तुमचे, मावशी?" डॉक्टर आतून म्हणाली. "बदलायचे ना?"

"माजं ऱ्हाऊ देत," आत्या म्हणाल्या. "पुढल्या म्हैन्यात कामोठ्याला दोन हळदी हायत. इहिणी माजं दात बगायला यायच्या हायत."